अनोळखी माणसाची अब्रू आणि आपली उपजीविका

अनोळखी माणसाचे वर्तन खटकताच त्याचे छायाचित्र टिपून ते समाजमाध्यमांवर जाहीर करणे हे नागरिकाचे कर्तव्यच होय, असे मानणारा एक सुशिक्षित वर्ग आज आहे, आणि त्याचा पक्ष सर्वस्वी पोकळ नाही हे प्रथमच मान्य केले पाहिजे. जेथे फिर्याद दफ्तरात पडून राहते आणि दुबळ्याची दाद लागत नाही, तेथे लोकलज्जेवाचून दुसरे शस्त्र कोणते, असे तो विचारतो. शिवाय, जे घडले तेच दाखवले तर भय कशाचे, आणि कचेरीबाहेर मी काय लिहितो याच्याशी माझ्या मालकाचा संबंध काय, अशीही त्याची पृच्छा असते.

मालकाच्या संबंधाचा प्रश्न प्रथम घेऊ. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथॉन या संगणकभाषेच्या अभ्यासकांची परिषद भरली असता, मागे बसलेल्या दोन पुरुषांचे द्व्यर्थी विनोद कानी पडल्यामुळे व्यथित झालेल्या एका महिलेने त्यांचे छायाचित्र ट्विटरवर प्रसिद्ध केले. तक्रार रास्त होती, स्त्रिया अल्पसंख्य असलेल्या त्या व्यवसायात ती करण्यास धैर्यही लागते, आणि परिषदेच्या चालकांनी तिची तत्काळ दखल घेऊन त्या दोघांना बोलावून विचारणाही केली. प्रकरण तेथेच मिटावयाचे. परंतु छायाचित्र तोवर सर्वत्र पोहोचले होते. त्या दोघांपैकी एकास त्याच्या कंपनीने बडतर्फ केले. त्याचा सूड म्हणून जमावाने त्या महिलेवर अत्यंत हीन धमक्यांचा भडिमार केला, तिच्या कंपनीची यंत्रणा बंद पाडण्याचा उद्योग आरंभिला, आणि काही दिवसांतच तिचीही नोकरी गेली. जमावाच्या त्या कृत्याचे समर्थन कोणीही सभ्य मनुष्य करणार नाही, आणि हल्ला चालू असतानाच तिला दूर करणे मला तरी भ्याडपणाचे वाटते. तथापि कंपनीने दिलेले कारण विचारार्ह आहे: संगणक-अभियंते आणि कंपनी यांच्यात सद्भाव राखणे हेच तिचे काम होते, आणि ज्या समाजात या कृतीने फूट पडली त्याच समाजात ते काम तिला यापुढे साधणार नव्हते. वैद्य, वकील, शिक्षक, पत्रकार या सर्वांची उपजीविका अशाच परक्यांच्या विश्वासावर चालते. हा मनुष्य आपलीही कैफियत न ऐकता आपला चेहरा चव्हाट्यावर मांडील, अशी शंका अशिलाच्या वा रुग्णाच्या मनात एकदा शिरली, की मालकाने काढले न काढले तरी व्यवसायाचा पाया खचलाच.

‘जे घडले तेच दाखवले’ या समर्थनाचे उत्तर २०१५ साली दिल्लीच्या मेट्रोत मिळाले. गणवेशातील एक हवालदार डब्यात झोकांड्या खात पडताना एका चित्रफितीत दिसला, तो मद्यपी असल्याचा निवाडा लाखो लोकांनी दिला, आणि तो निलंबितही झाला. पुढे निष्पन्न झाले ते असे, की मेंदूच्या आजाराने त्याचा तोल गेला होता. चित्रफितीत काडीचेही असत्य नव्हते. आपला फौजदारी कायदाही निव्वळ सत्यावर संतुष्ट होत नाही: भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमान्वये अब्रुनुकसानीस दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि सत्याचा बचाव घेणाऱ्यास ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

राहिला दाद न लागण्याचा मुद्दा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा अधिनियम तक्रारदार स्त्रीच्या रक्षणासाठीच झाला. तरी त्याचे १६ वे कलम तिच्याबरोबर प्रतिवादीचीही ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. चौकशी करणाऱ्याच्या हाती शिक्षेचे माप राहावे, समज देण्याजोग्या अपराधास आयुष्याच्या नाचक्कीची सजा होऊ नये, एवढ्यासाठी असा आडपडदा आवश्यकच आहे. छायाचित्र जाहीर करणाऱ्याच्या हातून हे माप पहिल्याच क्षणी निसटते. आणि जेथे कायद्याने सांगितलेली समिती नेमलीच नाही, किंवा नेमून निजली आहे, तेथे त्या संस्थेचे नाव, प्रमुखाच्या हुद्द्यासह, स्वतःच्या सहीनिशी अवश्य जाहीर करावे. त्यापायी ज्याची नोकरी जाईल त्याच्या बाजूने मी उभा राहीन.