आपले नाव आपल्याच लेखणीने



एखाद्या समाजाला दास्यात ठेवावयाचे असेल, तर त्याचे नाव ठेवण्याचा अधिकार प्रथम काढून घ्यावा लागतो. आमची नावे ठेवणारे दुसरे होते आणि आम्हांला नावे ठेवणारेही तेच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर हा अधिकार आपल्या हाती परत दिला. म्हणूनच जगात जेथे जेथे माणसे आपली ओळख आपणच सांगू पाहतात, तेथे आपले लक्ष गेले पाहिजे.

अमेरिकेत मेक्सिको, प्युर्टो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक अशा प्रदेशांतून आलेल्या घराण्यांतील स्त्रियांना ‘लॅटिना’ म्हणतात. यांतील सर्वच घराणी बाहेरून आलेली नाहीत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तेथील माणसे घरबसल्या परकी ठरली. टेक्सासच्या सीमाभागात १९४२ साली जन्मलेल्या ग्लोरिया अँझाल्दुआ यांना शाळेत मधल्या सुटीत स्पॅनिश बोलल्याबद्दल हातावर पट्टीचा मार खावा लागला. १९८७ साली त्यांनी आपला ग्रंथ लिहिला तो मुद्दाम इंग्रजी आणि स्पॅनिश एकत्र मिसळून. ज्या जिभेसाठी शिक्षा झाली, तिलाच त्यांनी ग्रंथाची भाषा केले.

सँड्रा सिस्नेरोस या शिकागोच्या, सहा भावांमधील एकुलत्या बहिणीने लेखनाच्या उच्च शिक्षणवर्गात एके दिवशी ओळखले की, पुस्तकांतील प्रशस्त घर आपले नव्हे. आपण ज्या कोंदट, भाड्याच्या घरांत वाढलो ती घरे कोणी लिहिलेलीच नाहीत. त्या जाणिवेतून १९८४ साली ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे पुस्तक निघाले. त्यातील एस्पेरांझा ही मुलगी आपल्या नावाचा अर्थ शोधते आणि स्वतःच्या घराचे स्वप्न पाहते. आज कित्येक मुली तिच्यात प्रथमच स्वतःला पाहतात.

कोणी विचारील, “कथाकवितांनी पोट भरते काय? मुलींना नोकरीचा अभ्यास करू द्या.” त्याचे उत्तर ॲरिझोना राज्याने दिले आहे. तेथील टूसॉन शहरातील शाळांत मेक्सिकन-अमेरिकन इतिहास व साहित्य शिकविले जात असे. २०१० साली राज्याने त्याविरुद्ध कायदा केला. जानेवारी २०१२ मध्ये ते वर्ग बंद झाले आणि पुस्तके वर्गांतून उचलली गेली. २०१७ साली संघीय न्यायालयाने निर्णय दिला की, ही बंदी वंशद्वेषातून आली असून राज्यघटनेचा भंग करणारी आहे. विचार करा : जे निरुपद्रवी आहे, त्याच्यावर सरकार कायद्याचा बडगा कशाला उगारील? वाचणारी मुलगी प्रश्न विचारते, याची धास्ती सत्तेला आपल्याहून अधिक आहे.

परंतु बंदी केवळ सरकारच घालते असे नाही. एलिझाबेथ असेवेदो यांची ‘द पोएट एक्स’ ही २०१८ ची पद्यकादंबरी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत घडते. त्याच वस्तीला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली शिकावयास गेले होते. कादंबरीतील सिओमारा ही तरुण मुलगी धर्माविषयीच्या शंका कवितेच्या वहीत लिहिते आणि तिची धर्मनिष्ठ आई ती वही जाळते. ती आई दुष्ट नाही. कष्टाने थकलेली, लेकीच्या काळजीने धास्तावलेली ती बाई आहे. म्हणूनच हा प्रसंग आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो.

आपल्या घरी काय घडले? १८५५ साली ज्योतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. शतकानंतर फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते घरच्यांपासून लपवून. ग्रंथरूपाने ते १९८६ साली आले. मनुस्मृती जाळणाऱ्या समाजातील स्त्रीला आपली वही लपवावी लागली, ही गोष्ट आपण सहजी विसरू नये.

आपल्या धम्माची शिकवण याच्या उलट आहे. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा गुरू म्हणाला एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. थेरीगाथेत दासीच्या पोटी जन्मलेल्या, पाणी भरणाऱ्या पुण्णिकेची गाथा आदराने जतन झाली आहे आणि ती पाण्याने पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणालाच प्रश्न विचारते. मग आपल्या लेकीने बापाला, पुढाऱ्याला किंवा विहाराच्या कार्यकारिणीला प्रश्न विचारला, तर तो धम्मद्रोह कसा?

तेव्हा मागणी साधी आहे. विहारात स्पर्धापरीक्षांची पुस्तके आहेत, ती राहोत. त्यांच्या शेजारी बेबीताई, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांची पुस्तके ठेवा आणि दूरदेशीच्या या भगिनींचीही ठेवा. आठवड्यातून एक तास मुलींना केवळ लिहिण्यासाठी द्या. तेथे जयंतीच्या भाषणांची तयारी नको. तिने तिचे लिहावे. ते आपल्याला रुचेल असे नाही. आपल्याविरुद्धही असेल. तरीही ती वही उघडण्यापूर्वी तिची परवानगी मागा.

दुसऱ्याने दिलेले नाव नाकारून आपण बौद्ध झालो. आता आपण दिलेले नावही तपासून पाहण्याचा अधिकार आपल्या लेकींना देऊ या. जयभीम.