वलगणीचा मासा कुठल्या ओहोळाचा?

मृगाच्या सरी कोसळल्या की वसईच्या पूर्व पट्ट्यात रात्री विजेऱ्या घेऊन माणसे बाहेर पडतात. ओहोळ फुगून पाणी शेतात शिरते आणि त्या पाण्याला सामोरे जात मासे अंडी घालायला वर चढतात. ही वलगण. सकाळी रस्त्याच्या कडेला कोणी बाई पाटीत वाटे लावून बसते. गिऱ्हाईक कल्ला उचलून लाली बघते, बोटाने पोट दाबते, डोळा चकचकीत आहे ना ते पाहते. वलगणीचा मासा या परीक्षेत सहसा उतरतो, कारण तो बहुधा अजून तडफडत असतो.

पण शिसे, कॅडमियम आणि पारा हे विषारी धातू या परीक्षेत सापडत नाहीत. त्यांना वास नाही, आणि कल्ल्याच्या लालीत त्यांनी फरक पडत नाही. ज्या पहिल्या पावसाने मासा वर चढतो, त्याच पावसाने उन्हाळाभर नाल्यात साचलेला, असे धातू धरून ठेवणारा गाळही हलतो. वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या औद्योगिक गाळ्यांमागून वाहणारे नाले आणि पारोळ-उसगावकडचे डोंगरातून उतरणारे ओहोळ यांचे पाणी एक नव्हे. पाटीत मात्र दोन्हीकडचा मासा सारखाच दिसतो.

गाळाची आठवण दीर्घ असते, हे वसईच्या खाडीला मिळणाऱ्या उल्हास नदीने दाखवून दिले आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीमुखातल्या गाळात साठलेल्या पाऱ्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो किड्यांतून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात जातो आणि प्रत्येक पायरीवर अधिक दाट होत जातो. म्हणून शिकारी आणि वयाने मोठ्या मरळीत तो लहान माशापेक्षा जास्त असण्याची शक्यता असते. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ साली उघडकीला आलेला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार माशांच्या याच साखळीने माणसांपर्यंत पोचला होता. वसईत मिनामाता घडते आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. विष शरीरात येण्याची वाट मात्र तीच आहे.

मिथाइल पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. हळद-आगळ लावून, तव्यावर खरपूस तळूनही तो जात नाही. शिसे आणि कॅडमियम यांचा साठा मुख्यतः यकृत, मूत्रपिंड, कल्ले आणि काट्यांत होतो, त्यामुळे पोट नीट साफ करण्याने थोडा फायदा होतो. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीत तोही मार्ग अपुरा पडतो.

आपल्या देशात साध्या माशासाठी पाऱ्याची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. आता हिशेब करू. मिथाइल पाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम इतके प्रमाण सह्य मानले आहे. ५० किलो वजनाच्या बाईसाठी हे ८० मायक्रोग्रॅम झाले. मर्यादेच्या काठावरच्या माशाचे १६० ग्रॅम मांस खाल्ले, आणि त्यातला पारा बहुतांश मिथाइल रूपातला असला, की आठवड्याचा वाटा संपतो. म्हणजे दोन-तीन तुकड्या! ज्या घरात आठवड्यातून चार दिवस कालवण शिजते, तिथे नुसते ‘मर्यादेत आहे’ म्हणून भागत नाही. बहुतेक मासे या मर्यादेच्या बरेच खाली असू शकतात, पण ते मोजल्याशिवाय कसे कळणार? गर्भातल्या बाळाचा मेंदू पाऱ्याला सर्वांत जास्त बळी पडतो. शिशाची तर सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यावर मासे सोडा असा सल्ला देणे आम्हाला मान्य नाही. आदिवासी, आगरी, कोळी घरांत स्वस्त आणि उत्तम प्रथिने माशातूनच येतात. ती काढून घेतली तर कुपोषण वाढेल. पाटी घेऊन बसलेल्या बाईला दोष देण्यातही अर्थ नाही. मागणी प्रशासनाकडे आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने नाल्याच्या पाण्याचे नमुने घेतले तरी ताटातला प्रश्न सुटत नाही, कारण पाणी वाहून जाते आणि मांसात साठा राहतो. अन्न व औषध प्रशासन, मत्स्यव्यवसाय विभाग आणि वसई-विरार महापालिकेने मिळून पावसाआधी आणि पावसानंतर नाले, तलाव व बावखलांतल्या (वाड्यांमधल्या जुन्या तळ्यांतल्या) माशांचे मांस तपासावे. निकाल जागेच्या आणि माशाच्या नावासह मराठीत मासळी बाजारात लावावा. ज्या नाल्यात दोष सापडेल, तिथल्या औद्योगिक गाळ्यांपर्यंत माग काढावा.

तोवर गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या ताटात मोठ्या मरळीऐवजी लहान मासा आलटून पालटून असावा, कल्ले आणि पोटातले सगळे काढून टाकावे, आणि औद्योगिक नाल्यातला मासा कोणीच घेऊ नये. वाटा उचलण्यापूर्वी पाटीवाल्या मावशीला विचारावे, मासा कुठल्या ओहोळाचा? तिला ते बहुधा ठाऊक असते.