ऊस फडात, डोके गहाण



तीन वर्षांमागची गोष्ट. जानेवारी संपत आला तरी माझ्या अडीच एकराला तोड लागली नव्हती. पाळी पुढे पुढे चाललेली, उसाला तुरा आलेला. सोसायटीचे कर्ज, मुलीची फी, सगळे त्या उसावर टेकलेले. अशात एका ओळखीच्याने कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही मागितली. मी न वाचता केली. संध्याकाळी मंडळींनी विचारले, "अवो, किती रुपयांची सही हाय ती?" मला सांगता येईना. सकाळी बघितलेला आकडा संध्याकाळी आठवेना! त्यातले काही हप्ते पुढे मलाच भरावे लागले.

शेतकरी अडाणी, कागद वाचत नाही, असे लोक म्हणतात. मला हे पटत नाही. हाच माणूस बिल जमा झाल्यावर टनांचा आणि खतांच्या पोत्यांचा हिशेब तोंडपाठ सांगतो. मग अक्कल मधल्या काळात जाते कुठे?

याची पाहणी आपल्यासारख्या ऊस उत्पादकांवरच झाली आहे. तमिळनाडूत तिरुवन्नामलाई आणि विल्लुपुरम भागातल्या ५४ गावांतील ४६४ लहान शेतकऱ्यांना ऊस जाण्याआधी आणि नंतर आकृत्यांची कोडी व लक्ष ठेवून सोडवायच्या चाचण्या दिल्या. ती पाहणी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. तोच शेतकरी ऊस जाण्याआधी कमी उत्तरे बरोबर देत होता आणि वेळही जास्त घेत होता. त्या काळात शंभरातल्या ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकलेले, नंतर फक्त चौघांनी. तिथेही कारखाना पाळीनेच तोड देतो. त्यामुळे एकाच महिन्यात कुणाचा ऊस गेलेला, कुणाचा उभा. हवामानावर दोष ढकलायला जागा उरत नाही. पैशाच्या विवंचनेने डोके अडवून ठेवले की दुसऱ्या विचाराला जागा कमी पडते, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर अशीच तुलना केली, तेव्हा असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण पगारदाराचा पैसा पंधरवड्याने नाहीतर महिन्याने येतो. आमचा वर्षा-दीड वर्षाने.

शरीराचेही तसेच आहे. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात उतरते. प्रसंगाला तोंड द्यायला ते उपयोगीच पडते. पण महिनोन्‌महिने चढे राहिले तर आठवण साठवणाऱ्या आणि साधकबाधक विचार करणाऱ्या मेंदूच्या भागांना त्रास होतो. ताणाचा प्रसंग तेवढा मनावर कोरला जातो, बाकीचे निसटते. २०१९ च्या महापुरात पाणी कुठल्या पायरीला लागले ते आजही डोळ्यांसमोर आहे. त्या आठवड्यात पासबुक कुठे ठेवले ते मात्र कुणाला आठवत नाही.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत बिल, आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज असे ठरवून दिले. आपण त्याकडे पैशाचा प्रश्न म्हणूनच बघतो. व्याजाने पैसा भरून निघेल, पण वाट बघण्याच्या दिवसांत केलेली चुकीची सही कशी भरून निघणार?

म्हणून कारखान्याला विनंती अशी की, तोडीचा अंदाजे आठवडा गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावा, आणि बदलला तर कारणासह लिहावा. नक्की कधी ते कळले तरी निम्मी काळजी उतरते. करार, जामीन असली सह्यांची कामे शक्य तिथे बिल जमा झाल्यावर ठेवावीत. तसे जमत नसेल तर कागद एक रात्र घरी नेऊ द्यावा.

आपणही एक वही करावी. तारखा, हप्ते, कुणाला काय कबूल केले ते त्याच दिवशी लिहावे. आणि घरात घेऊन मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. घरातला कर्ता माणूस चार गोष्टी विसरू लागला, चिडू लागला, तर पोरांनी त्याला हसू नये. आधी फडाकडे बघावे. ऊस अजून उभाच असेल.

— एक ऊस उत्पादक सभासद