आजच्यापुरती भाकर

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी बायबलने जो शब्द घेतलाय ना, भाकर, तो मला फार आवडतो. इंग्रजीतला ब्रेड इथल्या गरिबाच्या ताटात कधी नव्हताच. इथे पोट भरायचं ते भाकरीने. आणि भाकर साठवून ठेवता येत नाही. सकाळी केलेली रात्री कडक होते. पीठसुद्धा जास्त दिवस ठेवायची सोय नाही. बाजरीचं पीठ कडू होतं, ज्वारीच्या पिठाची विरी गेली की थापताना चिरा पडतात. म्हणून दळण थोडं थोडंच टाकायचं. प्रार्थनेत मागायची तीही आजच्यापुरतीच. वर्षाचं धान्य भरून दे असं प्रभू येशूने मागायला शिकवलं नाही.

जुन्या करारातली मान्नाची गोष्ट अशीच आहे (निर्गम, अध्याय १६). मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी मान्ना मिळायचा, माणशी एक ओमर. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा विश्रांतीचा. म्हणजे तरतूद करणं देवाला अगदीच नामंजूर नाही. माझ्या पीपीएफला मी बायबलातून एवढाच आधार काढते!

समाधानावर उपदेश असला की पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र हमखास निघतं. त्यातलं ख्रिस्ताच्या बळावर सगळं करू शकण्याचं वचन हल्ली मगवर, टी-शर्टवर, परीक्षेच्या शुभेच्छांत दिसतं. जणू ते पहिला नंबर काढण्याबद्दल आहे! आधीच्या ओळी वाचा. भूक आणि भरलं पोट, चणचण आणि सुबत्ता, दोन्हींत कसं राहायचं ते मी शिकलो, असं पौल सांगतोय. तेही तुरुंगातून. 'शिकलो' हा शब्द मला धीर देतो. समाधान हा स्वभाव असता तर माझ्यासारखीचं काही खरं नव्हतं.

तिथे पौलाने वापरलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा, अर्थ साधारण 'स्वतःत पुरेसा'. पौल तो शब्द घेतो आणि लगेच म्हणतो की हे बळ माझं नाही, ख्रिस्ताचं. शिवाय त्याच पत्रात तो फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदत घेतल्याचं लिहितो, त्यांचं कौतुकही करतो. समाधानी माणसाने हात पुढे करू नये, असं त्याला वाटलेलं दिसत नाही.

एक सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही. 'आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीत असलेल्यांकडे बघा, आपोआप समाधान वाटेल.' हे चर्चमध्येही ऐकू येतं. पण दुसऱ्याच्या दुःखावर पोसलेलं ते कसलं समाधान? लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी नेमकं हेच करतो. मी इतरांसारखा नाही म्हणून तो देवाचे आभार मानतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो शेजारी ऊर बडवणारा जकातदार.

दुसरी गोष्ट, एकाचं समाधान पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टावर उभं असतं. रेव्हरंड ना. वा. टिळक फार मोठे कवी, फार मोठे भक्त. उद्याची चिंता त्यांनी कधी केली नाही. पण 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे, ती चिंता घरात कोणी केली ते! टिळक हातातलं देऊन मोकळे होत आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाई करत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्या आपल्या वाटेने, आपल्या वेळेला आल्या. नवऱ्याचा विक्षिप्तपणा सांगताना त्या हसतात, हसवतात, पण खोटं गोड बोलत नाहीत. मला विचाराल तर समाधान शिकावं लक्ष्मीबाईंकडून.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे पोळी-भाजी करायला येणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात पगार वाढवून मागितला. ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, "या लोकांना कितीही द्या, समाधान म्हणून नाही." त्या रोज बायबल वाचतात, मनाने चांगल्याही आहेत. म्हणूनच ते जास्त लागलं. समाधानाचा उपदेश नेहमी वरून खालीच का होतो? घरमालक भाडं वाढवतो तेव्हा त्याला कोणी फिलिप्पैकरांस पत्र वाचून दाखवत नाही. याकोब तर स्पष्ट विचारतो की उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावलं तर त्याचा काय उपयोग? प्रभूच्या प्रार्थनेतली भाकरसुद्धा 'माझी' नाही, 'आमची' आहे. त्या 'आमची'त मावशी येतात की नाही? समाधान मी माझ्या ताटाबद्दल मानावं. मावशींच्या ताटाबद्दल परस्पर मानून घ्यायचा मला काय अधिकार?

असो. वाढ दिली. महिन्यातून दोनदा बाहेरून जेवण मागवायचो ते आता एकदाच. नवरा थोडा कुरकुरला. त्याला मी फिलिप्पैकरांस पत्र वाचून दाखवलं नाही, थालीपीठ करून दिलं.