वजनकाट्यापुढील उपासमार

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 2024 च्या ऑगस्टात 50 किलो गटाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेली भारतीय कुस्तीपटू विनेश फोगाट दुसऱ्या दिवशीच्या वजनात अवघे 100 ग्रॅम अधिक भरल्यामुळे अपात्र ठरली, तेव्हा आपण सर्वांनी त्या शंभर ग्रॅमांचा शोक केला. परंतु रात्रभर व्यायाम, बाष्पस्नान आणि अखेरीस केसांवरही कात्री, एवढे सोसताना त्या देहाचे काय झाले असेल, याची विचारपूस फार थोड्यांनी केली. घामावाटे प्रामुख्याने शरीरातील पाणीच जाते, उपवासाने स्नायूंतील शर्करेचा संचय आटतो, आणि अशा क्षीण अवस्थेत प्रतिस्पर्ध्याचा डाव झेलताना पाऊल क्षणभर उशिरा पडले, तरी गुडघा जायबंदी होण्यास तेवढे पुरेसे असते. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवितानाच प्राणास मुकले, त्यानंतर तेथे लघवीच्या तपासणीने शरीरातील पाण्याची खातरजमा करूनच किमान वजन ठरविण्याचा दंडक आला. आपल्या तालमींतही तो अमलात यावा, आणि कोणत्या पोराने कोणत्या गटात उतरावे याचा निर्णय मोसमापूर्वीच, वस्तादाच्या मर्जीऐवजी डॉक्टरांच्या दाखल्यावर व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.