उंदीरमारीचं काय करायचं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या एनएसएसने होस्टेलमागच्या टेकडीवर वृक्षारोपण केलं. फोटो निघाले, वडापाव झाले, अटेंडन्स लागली. मीही बहाव्याचं एक रोप लावून आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघायला गेले तर रोप गायब, नुसती आधाराची काठी उभी! आजूबाजूला मात्र कोणी न लावलेली, कोणी पाणी न घातलेली रोपं दाटीवाटीने उभी होती. मला नाव माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये मी डॅफोडिल न बघता त्यावर निबंध लिहिलाय, पण दारातलं झाड ओळखता येत नाही. शेवटी माळीमामांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, ही उंदीरमारी. गिरिपुष्प म्हणतात ना, तीच. हिच्याखाली दुसरं काही वर येत नाही बघा."

यंदा पुन्हा वृक्षारोपण आहे आणि मेसमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, जेसीबी लावून सगळं परदेशी उपटून टाका. दुसरी म्हणते, हिरवं आहे ना, मग कशाला हात लावायचा? मला दोन्ही पटत नाही.

आधी पहिल्या पार्टीशी बोलते. मित्रांनो, 'परदेशी म्हणजे वाईट' हे समीकरण धरलं तर आज रात्रीच्या जेवणात काय उरेल? बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्या गेटवरचा गुलमोहर मादागास्करचा. पण ही झाडं लावली तिथेच राहतात, शेजाऱ्याची जागा बळकावत नाहीत. प्रश्न झाड आलं कुठून हा नाही, ते इथे वागतं कसं हा आहे.

काँग्रेस गवताचं बघा. तेही अमेरिकेतलंच. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत भरलं आणि पुढे देशभर पसरलं. एकेका झाडाला हजारो बिया, अंगाला लागलं तर खाज, वर मुळा-पानांतून अशी रसायनं सोडतं की शेजारचं बी नीट रुजत नाही. ते फुलावर यायच्या आत उपटायला हवं, यात वाद नाही. पण गंमत म्हणजे पहिल्या पावसात जिथे टाकळा दाट उगवतो, तिथे या दादालाही माघार घ्यावी लागते. म्हणजे जागा मोकळी नसेल तर तोही तेवढा शूर नाही.

घाणेरीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. दीडदोनशे वर्षांपूर्वी शोभेसाठी आणलेलं हे झुडूप. बुलबुल तिची फळं खातात आणि बिया सगळीकडे टाकतात. फुलपाखरं तिच्यावर मध प्यायला येतात. म्हणून वाटतं, चांगलीच आहे की! पण तीच फुलपाखरं अंडी घालायला दुसरीकडे जातात. आपल्याकडे नेहमी दिसणारं ते नारिंगी-काळं प्लेन टायगर घ्या. त्याची अळी रुईची पानं खाऊन वाढते. घाणेरी हे त्यांचं कँटीन, रुई हे घर. कँटीन वाढवत नेलं आणि घर पाडलं तर पुढची बॅच कुठून येणार?

आता उंदीरमारी. ही मध्य अमेरिकेची. फांदी खोचली तरी जगते, आपल्याकडची गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ती मुद्दाम लावली गेली. कोकणात चारसूत्री भातशेतीत तिचाच पाला खाचरात गाडतात, कारण तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात. बांधावर ती गुणी आहे. टेकडीवर मात्र तिच्या शेंगा तडकून बी दूर उडतं, आणि खालचं गवत सावलीने मरतं.

म्हणून दुसऱ्या पार्टीला माझं सांगणं आहे की सगळं हिरवं सारखं नसतं. आपल्या टेकडीचा वरचा गवताळ भाग 'ओसाड' नाही. तिथे जमिनीवर घरटं करणारे चंडोल आहेत. तिथे एकही झाड लावू नये, देशी सुद्धा!

आणि जेसीबीवाल्यांना सांगते, एका दिवसात उतार उघडा केलात तर पावसात माती वाहून जाईल आणि मोकळ्या जमिनीवर पहिला नंबर काँग्रेस गवताचाच लागेल. त्यापेक्षा दरवर्षी थोडीथोडी उंदीरमारी विरळ करू. तिच्या पाल्याचं खत होईल, उरलेल्या झाडांची सावली उन्हाळ्यात रोपांना मिळेल. त्या जागी सालई, मोई, मेडशिंगी, पळस लावू. करवंदाच्या जाळ्या अजिबात तोडायच्या नाहीत. त्यांच्या काट्यांत शिरलेलं रोप शेळ्यांपासून वाचतं. कुंपणाचा खर्चही नाही.

माझा बहावा उंदीरमारीने मारला असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर तो मी मारला. लावला आणि दिवाळीपर्यंत एकदाही फिरकले नाही. म्हणून एनएसएसला आणि रेक्टर सरांना विनंती आहे: यंदा पाचशे रोपांचा आकडा नको, पन्नासच लावा. होस्टेलच्या प्रत्येक मजल्याला पाच-पाच वाटून द्या, आणि अटेंडन्स लावण्याच्या दिवशी नको, पुढच्या मे महिन्यात घ्या. परीक्षा संपून सगळे घरी पळतात तेव्हा पाणी घालायला कोण थांबतं, ते बघू. माझं नाव पहिलं लिहा.