कान लावणारे आणि कान शोधणारे

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्यातील घुमटाखाली टाळी वाजविली की तिचा आवाज वर बाला हिसारपर्यंत ऐकू जातो, हे आपल्या शहरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण कौतुकाने दाखवितो. शत्रूची चाहूल वेळीच लागावी म्हणून ही योजना होती, असे सांगतात. राज्य म्हटले की त्याला कान हवेतच. कौटिल्यानेदेखील एका हेराच्या शब्दावर विसंबू नये, एकमेकांस ठाऊक नसलेल्या तिघांचे म्हणणे जुळले तरच ते खरे धरावे, असे सांगून ठेवले आहे. तेव्हा शासनाने गुप्तवार्ता मिळवूच नयेत, असा भाबडा आग्रह धरण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याचे ऐकण्याची विद्या आणि आपले कोणी ऐकत असेल तर त्याला हुडकण्याची विद्या, या दोहोंवर सरकारी पैशाने संशोधन चालते. त्या संशोधनाचा समन्वय कोणी करावयाचा? माझे मत असे की, दुसऱ्या विद्येचा समन्वय पहिली विद्या वापरणाऱ्यांच्या हाती असता कामा नये.

या दुसऱ्या विद्येला आपण सोयीसाठी पाळत-शोध म्हणू. ती किती कठीण आहे, याचे एक जुने उदाहरण देतो. १९४५ साली सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकन राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते राजदूतांच्या निवासस्थानात भिंतीवर टांगले गेले आणि त्याच्या पोटातील उपकरणाचा शोध लागावयास १९५२ साल उजाडले. लेव्ह तेरमेन या शास्त्रज्ञाने बनविलेल्या त्या उपकरणाला ना बॅटरी होती, ना तार. बाहेरून विशिष्ट रेडिओलहर सोडली की खोलीतील बोलण्याने त्यातील पातळ पडदा थरथरे आणि ती थरथर परतणाऱ्या लहरीवर उमटे. लहर थांबली की उरे नुसते मुके लाकूड. अशा गोष्टी पहारेकऱ्याला सापडत नाहीत. त्यासाठी पदार्थविज्ञान, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी माणसे सतत कामाला लावावी लागतात.

अशा माणसांची हैदराबादेत वाण नाही. चंद्रायणगुट्ट्याची डीएलआरएल ही संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा साठीच्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्रावर काम करीत आहे. शत्रूच्या रडारचा आणि रेडिओचा वेध घेणे हा तिचा विषय. १९६७ साली अणुऊर्जा विभागाखाली डॉ. ए. एस. राव यांनी उभी केलेली ईसीआयएल इतर अनेक वस्तूंबरोबर जॅमरही बनविते. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने स्थापिलेली आयडीआरबीटी बँकांचे संगणकीय व्यवहार सुरक्षित राखण्याचा अभ्यास करते. रामंतापूरची केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा गृहमंत्रालयाची, तर सी-डॅकचे येथील केंद्र माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातील सी. आर. राव संस्थेत गूटलेखनाच्या गणितावर काम होते. एका शहरात एवढ्या संस्था, आणि प्रत्येकीचा मालक वेगळा! एकीने सोडविलेले कोडे दुसरी पुन्हा पहिल्यापासून सोडवीत बसली तर नवल नाही. म्हणून समन्वय हवा, या म्हणण्याशी माझे भांडण नाही.

दिल्लीने समन्वयाचे प्रयत्न केलेही आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर गुप्तवार्ता यंत्रणांची झाडाझडती झाली आणि तिच्यातून २००४ साली तांत्रिक गुप्तवार्तांसाठी एनटीआरओ ही संस्था निघाली. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात कार्यविभागणीचे नियम सुधारून सायबर सुरक्षेच्या एकूण समन्वयाचे काम राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे देण्यात आले. कागदावर हे सर्व नीटनेटके दिसते. परंतु हे सचिवालय, एनटीआरओ आणि संरक्षण संशोधन संघटना ही तिन्ही नावे माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढे अपवाद सोडले, तर नागरिकाने त्यांना काही विचारावयाची सोय नाही. संगणकावरील हल्ल्यांची सूचना ज्या सर्ट-इन संस्थेला द्यावयाची, तीही २०२३ च्या नोव्हेंबरात याच यादीत जाऊन बसली. कान लावणाऱ्यांनी पडद्याआड असावे हे समजू शकते. कान शोधणाऱ्यांनाही त्याच पडद्याआड का नेले?

दोन्ही कामे एका छपराखाली आली म्हणजे काय होते, ते अमेरिकेने २०१७ साली जगाला दाखविले. तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे परक्यांचे संदेश मिळविणे आणि स्वतःच्या सरकारचे संदेश सुरक्षित ठेवणे, अशी दोन्ही कामे आहेत. विंडोज संगणकप्रणालीत तिला एक भगदाड सापडले. ते बुजवून घ्यावे की गुपचूप वापरावे? तिने ते वापरण्यासाठी राखून ठेवले. पुढे ते हत्यार चोरीला गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती महिनाभर आधी निघाली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसविलेलीच नव्हती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या रुग्णालयांतील संगणक बंद पाडले, आणि शेजारच्या आंध्र प्रदेशातील पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ लागली. यात कोणी दुष्ट होता असे मी म्हणत नाही. ज्याला रोज भिंतीपलीकडचे ऐकावयाचे आहे, त्याला भिंतीतील भोक बुजविण्याची घाई कशी असणार?

आपल्याकडचा इतिहासही फारसा वेगळा नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना आठवण करून द्यावयास नको की, १९८८ साली टेलिफोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणातच कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पायउतार व्हावे लागले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन ऐकण्यावर बंधने घातली, पण आदेश तपासणारी समिती शासनाच्याच सचिवांची राहिली. २०२४ साली खुद्द हैदराबादेत गुन्हा नोंदला गेला. राज्याच्या गुप्तवार्ता विभागातील यंत्रसामग्री राजकीय विरोधकांचे फोन ऐकण्यासाठी वापरली आणि पुरावा नष्ट केला, असा आरोप त्या विभागातील अधिकाऱ्यांवरच ठेवण्यात आला. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु असा संशय आलेल्या माणसाने आपला फोन तपासून घ्यावयास जावे कोठे?

२०२१ साली पेगॅसस प्रकरण उघडकीस आले, तेव्हा भारतीय पत्रकारांचे फोन तपासले गेले ते अॅम्नेस्टीच्या परदेशातील प्रयोगशाळेत, आणि त्या तपासणीच्या पद्धतीची शहानिशा केली टोरांटो विद्यापीठातील एका गटाने. मग सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिच्यात गांधीनगर आणि केरळ येथील प्राध्यापकांबरोबर मुंबई आयआयटीचे अश्विन गुमास्ते होते. समितीने तपासलेल्या २९ पैकी ५ फोनांत घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच होती असे निश्चित सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. यातून दोन गोष्टी दिसतात. हे काम करू शकणारे अध्यापक आपल्याकडे आहेत, आणि त्यांना बसावयास कायमची जागा नाही.

येथे कोणी म्हणेल, देशाच्या सुरक्षेची गुपिते विद्यापीठांच्या हवाली करावयाची काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. २००७ साली लुंबिनी पार्क आणि गोकुळ चाट येथे, २०१३ साली दिलसुखनगरला जे घडले, ते या शहराच्या स्मरणात आहे. पण गुपित कशाचे ठेवावयाचे, याचा विवेक केला पाहिजे. कोणावर लक्ष आहे हे गुपित असावे. कुलूप कसे घडवावे हे नव्हे. आज जगभरच्या बँका जी संकेतपद्धती वापरतात ती एईएस, १९९७ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यातील मानक संस्थेने मांडलेल्या खुल्या स्पर्धेतून निवडली गेली. कोणीही ती फोडून दाखवावी असे आव्हान होते. बेल्जियमच्या दोन तरुणांची पद्धत त्या कसोटीला उतरली आणि २००१ साली प्रमाण ठरली. चारचौघांत तपासलेले कुलूपच भरवशाचे.

म्हणून माझी सूचना अशी. पाळत-शोधाच्या संशोधनासाठी वेगळे समन्वय मंडळ असावे, आणि संरक्षण, गृह वा गुप्तवार्ता यांपैकी कोणाच्याही हाताखाली ते नसावे. जर्मनीने १९९१ साली गुप्तवार्ता खात्याच्या संकेतलेखन कचेरीतून वेगळे कार्यालय काढले. ते गृहमंत्रालयाखाली असल्याने सोय परिपूर्ण नाही. तरी ते नागरिकांना उघडपणे धोक्याच्या सूचना देते. आपण याहून एक पाऊल पुढे जावे. २०२३ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने यासाठी पैसा द्यावा, मंडळाने दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवावा, सापडलेले प्रत्येक भगदाड ठराविक मुदतीत बुजविण्यासाठी जाहीर करण्याचे बंधन असावे, आणि सामान्य नागरिकाचा फोन तपासून देणारी एक प्रयोगशाळा विद्यापीठात असावी. ती हैदराबादेत निघावी, कारण लागणारी सर्व विद्या येथे तासाभराच्या अंतरात आहे. संरक्षण खात्याच्या पैशातून येथील विद्यापीठात २००५ पासून ऊर्जाद्रव्यांचे संशोधन केंद्र चालते आणि तेथील निबंध खुल्या नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी विज्ञानाचे पदवीधर बाहेर पडतात. त्यांतील काही या संस्थांत जातील, आणि जावेत. तेथे गेल्यावर आपले संशोधन कोणाच्या कामी येणार आहे, हे विचारण्याची सवय मात्र त्यांनी येथेच लावून घ्यावी, आणि आम्ही अध्यापकांनी ती लावावी.